चार्ल्स पूल, कठड्याच्या खालून

प्राग शहरातून वाहणाऱ्या व्हल्टावा नदीला १८४५ साली पूर आला, तेव्हा सेकंदाला सुमारे ४,५०० घनमीटर पाणी शहरातल्या जुन्या दगडी पुलाखालून वाहून गेले आणि पूल जागचा हलला नाही. पुढे १८९० मध्ये आलेल्या पुराचे पाणी त्याहून कमी, म्हणजे सेकंदाला सुमारे ४,००० घनमीटर होते. मात्र त्या पुरात याच पुलाचे दोन खांब आणि तीन कमानी नदीत कोसळल्या. २००२ च्या ऑगस्टमध्ये तर ५,००० घनमीटरहून अधिक पाणी आले, जुन्या शहराचा मोठा भाग रिकामा करावा लागला, आणि पूल पुन्हा एकदा उभाच राहिला. जो पूल मोठ्या पुरात दोनदा टिकला, तो मधल्या लहान पुरात का मोडला, हे कोडे सोडवले की दगडी कमानींचा पूल कसा उभा राहतो आणि कशाने पडतो, हे बरेचसे समजते.

हा पूल म्हणजे आजचा चार्ल्स पूल; चेक भाषेत त्याला ‘कारलूव मोस्त’ म्हणतात. प्रागला जाणारा प्रत्येक पाहुणा या पुलावर जातोच, आणि बहुतेक वेळा वरूनच परततो. वर पाहण्यासारखे खूप आहे, दोन्ही कठड्यांवर पंधरा-पंधरा असे संतांचे तीस पुतळे आहेत, समोर टेकडीवर किल्ला आहे, चित्रे रंगवणारे आणि वाद्ये वाजवणारे कलावंत आहेत, आणि दुपारच्या वेळी इतकी गर्दी असते की पायाखालची फरसबंदीसुद्धा दिसत नाही. मीही पहिल्या दिवशी गर्दीबरोबर वाहत पलीकडे पोचलो आणि पूल पाहिला असे समजलो. दुसऱ्या दिवशी उजाडताना गेलो, पुलाच्या मध्यावरून सरळ न जाता कांपा बेटावर उतरणाऱ्या जिन्याने खाली आलो आणि नदीच्या काठाने चालत कमानींच्या पोटाखाली उभा राहिलो. पूल पाहायचा तो इथून, असे माझे मत झाले, आणि पुढे जे सांगायचे आहे ते सगळे या जागेवरून दिसते.

आधी मापे सांगतो. पुलाची लांबी सुमारे ५१६ मीटर आणि रुंदी साडेनऊ मीटरच्या आसपास आहे. त्याला सोळा कमानी आहेत, आणि त्या साधारण १७ ते २३ मीटर रुंदीच्या आहेत. कमानींच्या मधले दगडी खांब मात्र तब्बल आठ-नऊ मीटर जाडीचे आहेत. पूल सरळ रेषेतही नाही; वरून पाहिले तर तो हलकेच वळसे घेत पलीकडे जातो. बाहेरून दिसतो तो घडीव वालुकाश्म, आणि आत चुन्यात बसवलेल्या ओबडधोबड दगडांची भर आहे.

कमान कशी उभी राहते, हे समजायला आपल्याकडच्या फुगडीचा विचार करावा. फुगडी घालणाऱ्या दोघी एकमेकींचे हात घट्ट धरून मागे झुकतात. दोघींना सावरून धरतो तो हातांतला ताण. कमान ही याच्या नेमकी उलट गोष्ट आहे. दोघीजणी समोरासमोर उभ्या राहून पुढे झुकल्या आणि त्यांनी तळहात एकमेकींवर दाबून धरले, तर त्याही पडणार नाहीत. इथे त्यांना सावरतो तो दाब. दगडाला ताण सोसत नाही, तो ओढला की तडकतो, पण दाब मात्र तो अफाट सोसतो. म्हणून पाचरीच्या आकाराचे दगड अर्धवर्तुळात रचले आणि माथ्यावर कळीचा दगड बसवला, की वरचे वजन त्या दगडांना एकमेकांवर आणखी घट्ट आवळत जाते. कळीचा दगड बसेपर्यंत सगळी रचना खालच्या लाकडी साच्यावर विसंबून असते आणि तो बसल्यावर साचा काढून घेता येतो.

आता त्या समोरासमोर झुकलेल्या दोघींच्या पायांकडे पाहावे. त्यांचे पाय मागे घसरू पाहतात. कमानीचेही तसेच होते. तिचे दोन्ही पाय खाली दाबतात तसेच बाहेरही रेटतात. पुलावर एका कमानीचा उजवीकडचा रेटा शेजारच्या कमानीचा डावीकडचा रेटा अडवतो आणि मधला खांब दोन्ही बाजूंनी सारखाच दाबला गेल्याने शांत उभा राहतो. यातच धोकाही आहे, कारण एक कमान पडली की तिच्या शेजारच्या खांबावर एकाच बाजूने रेटा येतो, आणि तो खांब बारीक असेल तर तो कलंडून पुढची कमान पाडतो, ती त्यापुढची पाडते, आणि पाहता पाहता सगळा पूल ओळीने झोपतो. मध्ययुगातल्या बांधकाम करणाऱ्यांना हे गणिताने सांगता येत नव्हते, पण अनुभवाने पुरते ठाऊक होते. म्हणून त्यांनी खांब एवढे जाड केले की शेजारची कमान गेली तरी खांब एकट्याच्या वजनाने तग धरून राहील.

पण नदीला जाड खांब खपत नाहीत. आठ-नऊ मीटर जाडीचे खांब एकापुढे एक उभे केले, की पुलाच्या लांबीचा साधारण चौथा हिस्सा दगडानेच अडतो. पाणी तेवढेच आणि वाट अरुंद, म्हणून कमानींमधून ते अधिक वेगाने जाते. पुराच्या वेळी हा वेग एवढा वाढतो, की खांबाच्या पुढच्या टोकापाशी पाणी खाली दबते, भोवरे धरते आणि नदीच्या तळाची वाळू नि गोटे उपसून नेते. ‘पायाखालची वाळू सरकणे’ हा वाक्प्रचार इथे अक्षरशः खरा होतो. वरचा दगड शाबूत असतो, चुना धरून असतो, कमानीत एकही भेग नसते, आणि तरी खांब एका रात्रीत बसतो, कारण त्याच्या खालची जमीनच गेलेली असते. दगडी पूल बहुधा असेच पडतात. प्रवाहाच्या दिशेला खांबांना नाकासारखे टोक काढलेले असते, ते पाणी दोन्ही बाजूंना फाकावे आणि हे खणणे कमी व्हावे यासाठीच.

या नदीने आधीचा पूल नेलेलाही होता. बाराव्या शतकात राजा दुसरा व्लादिस्लाव याच्या काळात इथे दगडी पूल झाला आणि त्याला राणी युडिथचे नाव मिळाले. तो आजच्या पुलापेक्षा बुटका होता. फेब्रुवारी १३४२ मध्ये बर्फ वितळू लागले, नदीवरचा गोठलेला थर फुटला आणि पुराच्या पाण्याबरोबर बर्फाचे प्रचंड तुकडे पुलावर येऊन आदळले. पुलाचा बहुतेक भाग त्यात गेला. बर्फ आणि पूर एकत्र येणे हे आपल्या नद्यांना माहीत नसलेले संकट आहे. बुटक्या कमानीत बर्फाची लादी अडकली, की तिच्यामागे दुसरी अडकते आणि पुलाचे धरण होते. या जुन्या पुलाचे अवशेष आजही सापडतात. पलीकडच्या तीरावर पुलाच्या टोकाला जे दोन मनोरे आहेत, त्यांतला ठेंगणा मनोरा त्याच काळातला आहे. जुन्या शहराच्या बाजूला नदीच्या भिंतीत दाढीवाल्या माणसाचे एक दगडी डोके बसवलेले आहे, त्याला ‘ब्राडाच’ म्हणजे दाढीवाला असेच म्हणतात, आणि तेही युडिथ पुलाचेच मानले जाते. पूर चढू लागला, की पाणी त्याच्या दाढीपर्यंत आले की गालापर्यंत, यावरून शहरातली माणसे पुराचा अंदाज घेत. हे डोके पाहायला बरेच वाकावे लागते, पण ते चुकवू नये.

पुलाविना पंधरा वर्षे गेल्यावर सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५७ मध्ये नव्या पुलाची पायाभरणी केली. जुन्या पुलाच्या अगदी लगत, पण अधिक उंच असा हा पूल बांधायला घेतला गेला आणि काम पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालले. श्रेय परंपरेने पेटर पार्लर या तरुण वास्तुकाराला दिले जाते, किल्ल्यातल्या सेंट व्हिटस कॅथीड्रलचे कामही त्याच्याकडे होते. अलीकडचे काही इतिहासकार सुरुवातीच्या कामाचे श्रेय ओटो नावाच्या कारागिराला देतात. ‘चार्ल्स पूल’ हे नाव मात्र १८७० चे. त्याआधीची पाच शतके लोक त्याला नुसता ‘दगडी पूल’ किंवा ‘प्रागचा पूल’ म्हणत.

पायाभरणीच्या मुहूर्ताची एक कथा प्रत्येक वाटाड्या सांगतो. १३५७ साल, नववा दिवस, सातवा महिना, पहाटेचे पाच वाजून एकतीस मिनिटे. हे आकडे ओळीने लिहिले की १३५७९७५३१ असा उलटसुलट सारखा वाचता येणारा, चढत जाऊन उतरणारा अंक मिळतो. चार्ल्सला ज्योतिषाचा नाद होता हे खरे, आणि मुहूर्त पाहून पायाभरणी करणे आपल्याला तरी नवलाचे वाटू नये. पण चौदाव्या शतकातल्या घड्याळांना मिनिटकाटा नव्हता आणि बोहेमियात, म्हणजे चार्ल्सच्या या चेक राज्यात, तास सूर्यास्तापासून मोजत, त्यामुळे ‘पहाटे पाच एकतीस’ ही वेळ त्या काळातल्या माणसाच्या डोक्यात आली असेल, असे म्हणणे अवघड आहे. हा हिशेब विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी मांडलेला तर्क आहे. कथा म्हणून ती सुंदर आहे. पुरावा म्हणून तिच्यावर फार वजन टाकू नये.

दुसरी कथा चुन्याची आहे आणि तिच्यात कथेपेक्षा रसायन अधिक रंजक आहे. चुना पक्का व्हावा म्हणून त्यात अंडी घातली, राज्यभरातून गाड्या भरभरून अंडी मागवली गेली, आणि वेल्वारी गावच्या लोकांनी ती वाटेत फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली, असे सांगतात. आपल्याकडेही किल्ल्यांच्या चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, उडीद घालत असे आपण ऐकतोच. प्रागच्या चुन्याच्या अलीकडच्या तपासण्यांतून अंड्यांबाबत एकमत झालेले नाही. पण खरा प्रश्न वेगळा आहे. चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना होतो, तो पाण्यात विरवून वाळूत मळतात, आणि मग हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. घराच्या भिंतीला हे ठीक आहे. आठ-नऊ मीटर जाडीच्या खांबाच्या पोटात, तेही पाण्याखाली, हवा पोचणार कुठून? साधा चुना तिथे वर्षानुवर्षे ओलाच राहिला असता. प्रागच्या परिसरातली चुनखडी मात्र नुसती पांढरी शुभ्र नाही, तिच्यात चिकणमातीचा अंश आहे, आणि अशी चुनखडी भाजली की तिचा चुना हवेशिवाय, केवळ पाण्याशी संयोग होऊनही घट्ट होतो. आजचे सिमेंट करते तेच काम हा चुना थोड्या संथपणे करतो. प्रागचा चुना पुढे दूरवर नावाजला गेला तो याच गुणामुळे. माझ्या मते अंड्यांचे श्रेय त्या मातीला द्यायला हवे होते, पण मातीवर कोणी कथा रचत नाही.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. पाणी नुसते वाढले, तर हा पूल सहसा तग धरतो. तो उंच आहे, कमानी मोठ्या आहेत, खांब जाड आहेत. १८९० च्या सप्टेंबरमध्ये पाण्याबरोबर लाकूड आले. त्या काळी दक्षिणेकडच्या जंगलांतले ओंडके एकत्र बांधून त्यांचे तराफे नदीतून प्रागकडे आणले जात. पुराने ते तराफे सुटले, ओंडके वाहत आले आणि पुलाच्या कमानींत आडवे अडकले. पाहता पाहता त्यांचा बांध तयार झाला. पुलाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबले, त्याचा सारा भार पुलावर आला, आणि उरलेल्या फटींतून ते एवढ्या जोराने सुटले की खांबांचा तळ खरवडून निघाला. ४ सप्टेंबरला दोन खांब बसले आणि त्यांच्यावरच्या तीन कमानी गेल्या. दोन खांबांना लागून तीन कमानी असतात, त्याहून एकही जास्त पडली नाही. जे मध्ययुगीन जाड खांब नदीची वाट अडवून संकट ओढवून घेतात, त्यांनीच शेजारचा रेटा एकट्याने अंगावर घेऊन उरलेला पूल वाचवला. कोसळलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना, पुढे आधार नसलेले खांब तसेच उभे होते.

या दोन खांबांबरोबर दोन पुतळेही पाण्यात गेले, आणि त्यांतला एक मराठी आणि कोकणी माणसाला ओळखीचा आहे. किल्ल्याकडे चालताना डाव्या कठड्यावर सेंट फ्रान्सिस झेवियरचा मूर्तिसमूह लागतो. जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस बासिलिकेत ज्याचे शव ठेवलेले आहे, १५४२ साली जो गोव्यात उतरला, तोच हा ‘गोंयचो सायब’. शिल्पकार फर्डिनांड मॅक्सिमिलियन ब्रोकॉफने १७११ मध्ये हे शिल्प घडवले. वेगवेगळ्या खंडांतल्या माणसांनी खांद्यांवर पेललेल्या चौथऱ्यावर संत उभा आहे आणि त्याच्यापुढे बाप्तिस्मा घ्यायला एक राजपुत्र गुडघे टेकून आहे. पूर्वेकडची माणसे प्रत्यक्ष न पाहिलेल्या शिल्पकाराने ती कशी कल्पिली असतील, हे पाहायला मी तिथे बराच वेळ थांबलो. धर्मप्रसाराचा विजय दाखवण्याच्या भरात ओझे कोणाच्या खांद्यावर दिले आहे, हेही नजरेतून सुटत नाही. आज दिसते ती १९१३ ची प्रतिकृती आहे. समोरच्या कठड्यावर झेवियरचा सहकारी इग्नेशियस लोयोला होता. तो मात्र परत उभारला गेला नाही, त्याच्या जागी १९३८ पासून स्लाव्ह लोकांचे संत सिरिल आणि मेथोडियस उभे आहेत. पुलावरचे इतरही बरेच पुतळे आता प्रतिकृती आहेत आणि अस्सल मूर्ती संग्रहालयांत हलवलेल्या आहेत. सर्वांत जुना, १६८३ चा, नेपोमुकच्या सेंट जॉनचा कांस्य पुतळा मात्र जागेवर आहे. १३९३ मध्ये राजाच्या आज्ञेने त्याला याच पुलावरून नदीत टाकले होते. त्याच्या पायथ्याचे फलक हात लावून लावून सोन्यासारखे चकाकतात, त्यामुळे तो शोधावा लागत नाही.

पडलेल्या भागाची दुरुस्ती करताना अभियंत्यांनी खालून सुरुवात केली. वाहत्या नदीत नवा पाया घालायचा, तर तळाशी कोरडी जागा हवी. त्यासाठी बुडाशी उघडी अशी मोठी पेटी नदीच्या तळावर बसवतात आणि तिच्यात दाबाने हवा भरतात. पालथा पेला पाण्यात दाबला तर आत पाणी शिरत नाही, तसेच हे. आत उतरलेले कामगार तळ खणत जातात, पेटी खाली खाली सरकते आणि घट्ट थर लागला की ती भरून टाकून तिच्यावर खांब उभा करतात. या पद्धतीने नवे पाये खोल नेता आले. जुने मध्ययुगीन पाये फार उथळ होते. १८९२ मध्ये पूल पुन्हा खुला झाला आणि पुढच्या शतकात आणखी काही खांबांच्या पायांना बळकटी दिली गेली.

वजनाची चिंता मात्र या पुलाने कधी फारशी केली नाही. १८८३ पासून त्यावरून घोड्यांची ट्राम जाई, १९०५ ते १९०८ विजेची ट्रामही धावली, नंतर बसगाड्या आणि मोटारी आल्या. आता अनेक दशके पूल फक्त पायी चालणाऱ्यांचा आहे. पुलाचे स्वतःचे वजन एवढे प्रचंड आहे की त्यापुढे ट्राम किंवा माणसांची गर्दी नगण्य ठरते. उलट ते वजनच कमानींना आवळून धरते. गाड्यांनी त्रास दिला तो हादऱ्यांचा.

वरून येणारे पाणी हा दुसरा, सावकाश काम करणारा शत्रू आहे. पाऊस फरसबंदीतून झिरपतो, आतली भर भिजते, हिवाळ्यात ते पाणी गोठून फुगते आणि दगड आतून सुटू लागतो. रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेले मीठ त्यात भर घालते. पुलाचा काळपट रंग अनेकांना वयाचा वाटतो, पण त्यात कोळशाच्या धुराचा मोठा वाटा आहे. २००७ ते २०१० या काळात पाणी झिरपू नये म्हणून वरचा थर नव्याने केला गेला आणि कठड्यांचे बरेच दगड बदलले गेले. जुने दगड गरजेपेक्षा जास्त काढले अशी टीका वारसा-तज्ज्ञांनी केली, आणि कठड्यावर जुने काळे आणि नवे फिकट दगड शेजारी पाहिले की ती टीका अगदीच अनाठायी वाटत नाही.

मग २००२ मध्ये एवढे पाणी येऊनही पूल का टिकला? तराफ्यांचा काळ संपला होता, त्यामुळे ओंडक्यांचा तसा बांध झाला नाही. जे झाडझाडोरा आणि लाकूड पुलाशी अडकत होते, ते पुलावर आणलेल्या यंत्रांनी सतत उचलून काढले गेले. अनेक खांबांचे पायही तोवर बळकट झालेले होते. उरलेल्या दोन, आठव्या आणि नवव्या खांबांचे काम पूर ओसरल्यावर पुढच्या काही वर्षांत केले गेले. हाच धडा आपल्याला २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ महागात पडला. तिथे सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल रात्रीच्या पुरात वाहनांसह वाहून गेला. वर रस्ता सुस्थितीत दिसतो, म्हणून खालचा पाया कोणी पाहत नाही.

प्रागच्या वरच्या अंगाला आता स्लापी, ओर्लिक अशी धरणे आहेत आणि त्यांतून सुटणाऱ्या पाण्यामुळे शहरातली नदी क्वचितच गोठते. तरीही पुलाच्या काही खांबांपुढे पाण्यात तिरक्या तुळयांचे मोठे लाकडी सांगाडे उभे आहेत. बर्फाच्या लाद्या खांबावर आदळण्याआधी त्यांवर चढाव्यात आणि स्वतःच्याच वजनाने मोडाव्यात, यासाठी ते उभारलेले आहेत. मी गेलो त्या सकाळी बर्फ नव्हता. एका सांगाड्याच्या टोकाला कुठल्याशा झाडाची मुळांसकट वाहून आलेली फांदी अडकली होती आणि तिच्यावर एक सीगल बसला होता.